कूस कधी बदलायची? परिचारिकांच्या रोजच्या कामात संशोधन कसे आले

अंथरुणाला खिळलेल्या आजींना कुशीवर वळवताना जाणकार सिस्टर माकडहाडावरची लाली आधी नीट बघते. मग त्यावर बोट दाबते आणि उचलते. त्वचा क्षणभर पांढरी पडून परत लाल झाली, तर रक्त खेळते आहे. लाली जशीच्या तशी राहिली, तर आत इजा सुरू झाली आहे: शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ही सुरुवात. मग ती जागा चोळायची नाही. तिच्यावरचा भार काढायचा, कूस बदलायची, चार्टवर वेळ टाकायची. गोव्यात पावसाळ्याच्या दमट हवेत पाठ सतत घामेजलेली असते, म्हणून चादर कोरडी आहे ना हेही त्याच वेळी बघायचे.

हे सारे अर्ध्या मिनिटात उरकते, म्हणून बघणाऱ्याला ते साधे वाटते. पण पूर्वी अशा लाल जागेवर स्पिरिट आणि पावडर लावून मसाज करायला शिकवत, आणि ते मनापासून केले जाई. ‘चोळा’पासून ‘चोळू नका’पर्यंत यायला किती काळ आणि किती मोजदाद लागली, त्याची ही पार्श्वभूमी.

सुरुवात आपल्याच जुन्या गोव्यातून करता येते. तिथल्या राजइस्पितळात १६०८ साली पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी स्वतः रुग्ण म्हणून राहिला होता. तिथली स्वच्छता, अंथरुणे, जेवणखाण यांची त्याने तोंड भरून स्तुती केली आहे. पण १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत त्याच इस्पितळात सुमारे २५,००० सैनिक मेले, असे इतिहासकार सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. सेवेत कसूर नसेल, तरी रुग्ण कशाने दगावतात हे तपासण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. माझ्या मते परिचर्येतल्या संशोधनाचा सगळा इतिहास या एका फटीत सामावलेला आहे: मनापासून केलेली सेवा आणि गुण देणारी सेवा एकच असते असे नाही, आणि त्यातला फरक नोंद ठेवल्याशिवाय दिसत नाही.

हा फरक कागदावर मांडला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. हातात दिवा घेतलेली त्यांची तसबीर नर्सिंगच्या शाळांतून दिसते. माझ्या लेखी त्यांच्या हातातली वही जास्त मोलाची. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. तिथले मृत्यू खरोखर घटले ते मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोगाने गटारे, पाणी आणि हवेची सोय सुधारल्यानंतर. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी आकडे तपासले, तेव्हा घाणीचा वाटा किती मोठा होता हे त्यांना उमगले. त्यावरून १८५८ साली त्यांनी मृत्यूंच्या कारणांची प्रसिद्ध आकृती काढली. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य.

गोव्यात १८४२ साली पणजीला वैद्यकीय शाळा निघाली. आशियातल्या सर्वांत जुन्या वैद्यकीय शाळांत तिची गणना होते. पण परिचर्येच्या शिक्षणाची भारतीय घडी इथे उशिरा बसली. दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी १९४६ साली सुरू झाली, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ साली झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. १९ डिसेंबर १९६१ ला मुक्ती मिळाली, १९६३ मध्ये त्या जुन्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि पुढे ते पणजीहून बांबोळीला आले. तेच आजचे गोमेकॉ.

नेमक्या त्याच सुमारास ब्रिटनमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने शय्याव्रणांचा प्रश्न हाती घेतला होता. या जखमांवर तेव्हा प्रत्येक वॉर्डाचा आपापला उपाय असे: स्पिरिट, पावडर, मलमे, अंड्याचा पांढरा बलक. प्रत्येकीची आपल्या उपायावर श्रद्धा. नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १९६२ साली निष्कर्ष मांडले. वरून काय लावले याने फारसे काही बिघडत किंवा सुधारत नव्हते. ठराविक वेळाने कूस बदलून भार काढणे, याचाच गुण येत होता. शिवाय कोणाला धोका जास्त हे आधीच ओळखता यावे म्हणून त्यांनी पाच बाबींची मोजपट्टी बनवली: शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणात हालचाल, मलमूत्रावर ताबा. प्रत्येकीला एक ते चार गुण, एकूण वीस. चौदा किंवा कमी आले तर सावध व्हायचे. पुढे १९८७ साली अमेरिकेतल्या बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची सहा बाबींची मोजपट्टी प्रसिद्ध झाली. तिच्यात ओलसरपणा आणि खाणेपिणेही मोजतात. आपल्या हवेत मला तीच अधिक उपयोगाची वाटते. लक्षात घेण्यासारखे हे, की दोन्ही मोजपट्ट्या परिचारिकांनी बनवल्या, रुग्णाला रोज हात लावणाऱ्या माणसांच्या नजरेतून.

परिचर्या हा संशोधनावर उभा असलेला व्यवसाय व्हावा, असे परिचर्येचा आढावा घेणाऱ्या ब्रिटनच्या ब्रिग्ज समितीने १९७२ साली स्पष्ट लिहिले. त्याच वर्षी आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनी उपचार पारखून घेण्याचा आग्रह धरला, आणि १९९० च्या दशकात पुराव्यावर आधारित वैद्यक हा शब्दप्रयोग रूढ झाला. डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली त्याची व्याख्या करताना संशोधनाइतकेच महत्त्व उपचार करणाऱ्याच्या अनुभवाला आणि रुग्णाच्या इच्छेला दिले. हे पुष्कळदा विसरले जाते.

पुराव्याने बदललेल्या गोष्टी सिस्टरच्या ट्रेमध्येच दिसतात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वस्तऱ्याने केस काढणे हे एकेकाळी ठरलेले काम. कॅनडात पीटर क्रूझ हे सर्जन आणि रोझमेरी फोर्ड ही परिचारिका यांनी दहा वर्षे सुमारे ६३ हजार जखमांचा पाठपुरावा केला. १९८० साली आलेल्या त्यांच्या आकड्यांनुसार स्वच्छ जखमांत, वस्तऱ्याने केस काढलेल्यांत संसर्ग २.५ टक्के, तर केसांना हातच न लावलेल्यांत ०.९ टक्के होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली वस्तरा नकोच असे सांगितले: अगदीच गरज असेल तर क्लिपर, म्हणजे केस कापायचे यंत्र.

सलाईनच्या इंट्राकॅथचेही, म्हणजे शिरेत बसवायच्या नळीचेही, तसेच. ठराविक दिवस झाले की चांगली चालू असलेली नळीही काढून नव्याने टोचायची, असा नियम होता. ज्याच्या शिरा सापडत नाहीत त्या रुग्णाला विचारा, ते टोचणे काय असते. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकार्ड या परिचारिका-संशोधकांनी ३,२८३ रुग्णांवर याची पडताळणी केली. दर तीन दिवसांनी बदललेल्या आणि गरज पडली तेव्हाच बदललेल्या, अशा दोन्ही गटांत शिरेला सूज येण्याचे प्रमाण सात टक्केच निघाले. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. पण याचा अर्थ नळी विसरून जा असा नाही. दर पाळीला ती जागा बघायची, दुखते का विचारायचे, लाली किंवा सूज दिसली की तत्काळ काढायची. ही नजर नसेल तर ते संशोधन त्या वॉर्डाला लागू करता येत नाही.

मग कळलेले सगळे वॉर्डात का उतरत नाही? सँड्रा फंक या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली अमेरिकेतल्या परिचारिकांना हेच विचारले, तेव्हा यादीत सर्वांत वर आलेल्या कारणांत ही दोन होती: काळजीची पद्धत बदलण्याचा अधिकार नाही, आणि वेळ नाही. आपल्याकडेही मला हीच दोन कारणे खरी वाटतात. नवी स्टाफ नर्स वाचून येते, पण ‘इथे असेच करतात’ या वाक्यापुढे गप्प बसते. तीस-चाळीस रुग्णांच्या रात्रपाळीत एकटी सापडलेली सिस्टर कोणता शोधनिबंध उघडणार? तिला दोष देणाऱ्यांनी आधी ड्युटीचा तक्ता बघावा.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. नर्सिंगच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधन आणि संख्याशास्त्र आहे, पदव्युत्तर विद्यार्थिनी प्रबंध लिहितात. पण देशभर त्यातले कितीतरी प्रबंध ‘अमुक विषयाचे ज्ञान किती’ एवढेच मोजतात आणि ग्रंथालयाच्या कपाटात जातात. बांबोळीला इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आणि गोमेकॉ एकाच परिसरात आहेत. एवढी जवळीक असताना प्रश्न वॉर्डातून यावा आणि उत्तर वॉर्डात परत जावे, हे इथे सहज जमण्यासारखे आहे.

कारण बाहेरचा पुरावाही इथे पडताळून घ्यावा लागतो. बर्गस्ट्रॉम यांच्याच २०१३ च्या अभ्यासात दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली तरी व्रणांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. पण ते रुग्ण अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांतले होते, आणि त्यांच्याखाली दाट फोमच्या खास गाद्या होत्या. साध्या गादीवर, जुलैच्या दमटपणात, घरून आलेली पेज जेमतेम दोन घास खाणाऱ्या आजींना तो चार तासांचा आकडा लावता येणार नाही. त्यांच्यासाठी इन्चार्ज सिस्टरने आपल्या वॉर्डाचे रजिस्टर उघडावे: गेल्या महिन्यात किती जणांना लाली आली, कोणत्या पाळीत दिसली, कूस किती वेळा बदलली गेली. तेवढ्यावरून पुढच्या महिन्याचा तक्ता ठरवता येतो.