स्कॉलरशिप आणि असिस्टंटशिप: एक बिलातली सूट, दुसरी नोकरी

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तरी मेसेज येतोच: अमक्याला अमेरिकेत एमएसला ‘फुल स्कॉलरशिप’. खाली अभिनंदनाची रांग लागते. जरा खोदून विचारलं की कळतं, मिळालंय ते असिस्टंटशिपचं पत्र, आणि तेही एका सेमिस्टरचं. कधी बरोबर उलटं होतं. ‘असिस्टंटशिप मिळाली’ म्हणून घरचे कर्जाची रक्कम कमी लावतात आणि प्रत्यक्षात असते वर्षाला पाच हजार डॉलरची स्कॉलरशिप. दोन्हींत पैसे युनिव्हर्सिटीकडून येतात, एवढ्या साम्यावर लोक दोन्हींना एकच समजतात आणि मग ऑगस्टमध्ये बिल आल्यावर धावाधाव सुरू होते.

स्कॉलरशिप काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ती लवकर आटोपतो. युनिव्हर्सिटी तुमचा अर्ज पाहून ट्यूशनमधून, म्हणजे शिक्षण शुल्कातून, ठरावीक रक्कम कमी करते. ही रक्कम बहुतेक वेळा हातात येतच नाही. स्टुडंट अकाउंटवरच्या बिलात वजाबाकीची एक ओळ म्हणून दिसते. बदल्यात काम करायचं नसतं. अटी साधारण दोन: जीपीए (ग्रेडची सरासरी) सांभाळा आणि पूर्ण वेळ विद्यार्थी राहा, म्हणजे पुष्कळ ठिकाणी सेमिस्टरला निदान ९ क्रेडिट घ्या. दुसऱ्या वर्षी ती चालू राहणार की नाही, ते पत्रात लिहिलेलं असतं. नसेल लिहिलं तर नाही असंच धरून चाला.

इथे एक चीड बोलून दाखवतो. स्कॉलरशिपचा आकडा मिरवण्यासारखा नसतो. महागड्या खासगी युनिव्हर्सिटीची मोठी स्कॉलरशिप ही पुष्कळदा एमआरपीवरची सूट असते, दुसरं काही नाही. ५२ हजार डॉलर ट्यूशनवर १५ हजारांची स्कॉलरशिप मिळालेला मुलगा ३७ हजार भरतो. २६ हजार ट्यूशनच्या सरकारी युनिव्हर्सिटीत एक छदामही न मिळालेली मुलगी २६ हजारच भरते. अभिनंदन मात्र मुलाचं होतं.

लहान रकमेची स्कॉलरशिप खरोखर मोठी ठरते असं एक ठिकाण आहे: टेक्सास. तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत स्पर्धेतून मिळालेली किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप असेल, तर युनिव्हर्सिटी बाहेरच्या विद्यार्थ्यालाही राज्यातल्या रहिवाशाचा कमी ट्यूशन दर लावू शकते. अशा सवलतींवर मर्यादा आहे, त्यामुळे सगळ्यांना मिळत नाही. पण ज्याला मिळते त्याची बचत हजार डॉलरच्या कित्येक पट होते. तेव्हा टेक्सासहून आलेल्या पत्रात हजारच दिसले म्हणून नाक मुरडू नका. खाली रहिवासी दराबद्दल एखादं वाक्य आहे का ते शोधा.

आता असिस्टंटशिप. ही नोकरी आहे. पहिलं वाक्य हेच आणि शेवटपर्यंत हेच धरून बसा. टीए (टीचिंग असिस्टंट) असाल तर तुम्ही प्राध्यापकाच्या कोर्सचे गृहपाठ तपासता, लॅब घेता, ऑफिस अवर्सला बसता. आरए (रिसर्च असिस्टंट) असाल तर प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करता. जीए (ग्रॅज्युएट असिस्टंट) असाल तर एखाद्या प्रशासकीय कार्यालयात खपता. नेमणुकीचं पत्र येतं, त्यात तारखा असतात, वरिष्ठाचं नाव असतं, आठवड्याचे तास असतात, पगार असतो. ‘५० टक्के अपॉइंटमेंट’ म्हणजे अर्ध्या वेळेची नोकरी, आठवड्याला २० तास. ‘२५ टक्के’ म्हणजे १० तास. ५० टक्के ट्यूशन माफ असा त्याचा अर्थ लावणारे मी पाहिलेत, आणि दर वेळी कपाळावर हात मारून घेतलाय.

नोकरी हा शब्द मी उगाच ताणत नाही. खासगी युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी-असिस्टंट कामगार कायद्याखाली कर्मचारी ठरतात, असा निर्णय अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०१६ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या दहाही कॅम्पसवर सुमारे ४८ हजार शैक्षणिक कर्मचारी पगारवाढीसाठी संपावर गेले, आणि त्यांत टीए-आरए मोठ्या संख्येने होते. स्कॉलरशिप घेणाऱ्यांचा संप कुणी ऐकलाय का?

या नोकरीतून दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे स्टायपेंड, हा पगार. तो बँकेत जमा होतो आणि त्यातून घरभाडं निघतं. दुसरी ट्यूशन वेव्हर, म्हणजे शिक्षण शुल्काची माफी. हा बिलात दिसतो. आणि लोक घसरतात ते नेमके इथेच. वेव्हरची ओळ बिलात अगदी स्कॉलरशिपच्या ओळीसारखीच दिसते. तोच रकाना, तेच वजा चिन्ह. म्हणून वाटतं की ट्यूशन माफ झालं, विषय संपला. पण स्कॉलरशिपची ओळ तुमच्या प्रवेशाला बांधलेली असते आणि वेव्हरची ओळ त्या नोकरीला. नोकरी गेली की ती ओळ पुसली जाते आणि अख्खं ट्यूशन बिलावर परत येतं.

कसं, ते एका उदाहरणावरून बघा. युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर वेव्हर मिळायला तुमची नेमणूक २५ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान असावी लागते आणि ती सेमिस्टरच्या किमान तीन चतुर्थांश काळ, म्हणजे ९१ दिवस, टिकावी लागते. समजा ऑक्टोबरात प्राध्यापकाशी बिनसलं आणि तुम्ही तडकाफडकी राजीनामा दिला. ९१ दिवस भरले नाहीत, तर वेव्हर रद्द. इतके दिवस काम केलं त्याचा पगार तुमचाच, पण सेमिस्टरचं ट्यूशन आता तुमच्या नावावर. प्रत्येक युनिव्हर्सिटीचा आकडा वेगळा, नियमाचा गाभा तोच. नेमणूक उशिरा सुरू झाली, मधेच टक्केवारी घटली, प्राध्यापक दुसऱ्या युनिव्हर्सिटीत निघून गेले, ग्रँट (संशोधनाचा निधी) संपली, अशा कुठल्याही कारणाने हे होऊ शकतं. स्कॉलरशिपवाल्या मुलाला यांतल्या एकाही गोष्टीचा घोर नसतो. त्याने फक्त ग्रेड सांभाळायचे.

म्हणून पत्र हातात आलं की आधी तारखा वाचा. १६ ऑगस्ट ते १५ डिसेंबर असं लिहिलं असेल, तर तुम्हाला एका सेमिस्टरची नोकरी आणि एका सेमिस्टरचा वेव्हर मिळालाय. ‘समाधानकारक काम आणि निधीच्या उपलब्धतेनुसार नूतनीकरण’ हे वाक्य म्हणजे वचन नव्हे. चांगलं काम केलं तर सहसा पुढे मिळते, हे खरं. पण कर्जाचा हिशोब ‘सहसा’वर मांडायचा नसतो. पीएचडीच्या पत्रात मात्र बहुधा चार-पाच वर्षांचा शब्द दिलेला असतो. तिथेही तो शब्द नोकरीच्या मार्गानेच पाळला जातो: या वर्षी टीए, पुढच्या वर्षी आरए. एमएसला असा शब्द मिळणं विरळाच.

विरळा का, हेही समजून घ्या, कारण त्याशिवाय ‘स्कॉलरशिप सगळ्यांना देतात, मग असिस्टंटशिप का नाही’ हा प्रश्न सुटत नाही. स्कॉलरशिप देताना युनिव्हर्सिटी पुष्कळदा फक्त येणाऱ्या पैशांतले थोडे सोडते; वर्ग भरतो, बाकीचे पैसे येतात. असिस्टंटशिप द्यायची तर कुणाच्या तरी खिशातून खरेखुरे डॉलर निघावे लागतात. आरए घेणारे प्राध्यापक पगार आपल्या संशोधनाच्या ग्रँटमधून देतात आणि अनेक युनिव्हर्सिट्यांत तुमच्या ट्यूशनचा भारही त्याच ग्रँटवर पडतो. मग दोन वर्षांत निघून जाणाऱ्या, त्यातलं पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये घालवणाऱ्या एमएसच्या विद्यार्थ्यावर ते पैसे का घालतील? पाच वर्षं थांबणारा पीएचडीवाला त्यांना परवडतो. एमएसवाल्यांच्या वाट्याला बहुधा टीएच्या उरलेल्या जागा येतात. टीएसाठी आपल्यासारख्यांना अनेक ठिकाणी इंग्रजी संभाषणाची वेगळी चाचणीही द्यावी लागते.

यावरून दुसरी चीड. ‘आदरणीय सर, कृपया मला स्कॉलरशिप द्यावी’ अशा ईमेल दीडशे प्राध्यापकांना एकाच मजकुराने पाठवणं बंद करा. प्राध्यापकाच्या हातात स्कॉलरशिप नसतेच. ती विभागाची किंवा ग्रॅज्युएट स्कूलची. त्यांच्या हातात असलीच तर आरएची जागा असते. ती मागायची तर त्यांचं काम वाचून, आपण त्यात नेमकं काय करू शकतो हे सांगून मागावी लागते. नोकरीचा अर्ज नोकरीच्या अर्जासारखा लिहा.

वेव्हरबद्दल आणखी एक ठेच. वेव्हर ट्यूशनचा असतो. बिलावर त्याखाली ओळींची रांग असते: स्टुडंट सर्व्हिसेस, तंत्रज्ञान शुल्क, रिक्रिएशन सेंटर, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी शुल्क, आरोग्य विमा. यांतले किती माफ, ते युनिव्हर्सिटीवर अवलंबून. कुठे विमा पगाराबरोबर मिळतो, कुठे अर्धा, कुठे पूर्ण पदरचा. ‘सगळं माफ’ समजून गेलेल्याला पहिल्याच सेमिस्टरला हजार-दीड हजार डॉलरचं बिल येऊ शकतं, आणि पहिला पगार तर सप्टेंबरमध्ये. शिवाय काही ठिकाणी वेव्हर पूर्ण ट्यूशनचा नसतोच. टेक्सासच्या कायद्यानुसार, आपल्या अभ्यासक्रमाशी संबंधित काम किमान अर्धा वेळ करणाऱ्या असिस्टंटला रहिवासी दर लागतो. त्या दराने होणारं ट्यूशन माफ करायचं की नाही, हा पुढचा प्रश्न. उन्हाळ्याचं तर विचारूच नका. नऊ महिन्यांची नेमणूक म्हणजे उरलेले तीन महिने पगाराशिवाय.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा हिशोबही इथेच बसतो. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. ५० टक्के असिस्टंटशिपने ते २० तास भरले. ‘असिस्टंटशिप आहेच, वर लायब्ररीत थोडं काम करीन’ हा बेत कागदावरच राहतो. स्कॉलरशिपवाल्याचे २० तास मात्र पूर्ण मोकळे. खरं तर आय-२०च्या, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या फॉर्मच्या, पहिल्याच पानावर हा फरक छापलेला आहे: निधीच्या तक्त्यात ‘या संस्थेकडून’ ही ओळ वेगळी आणि ‘कॅम्पसवरील नोकरी’ ही ओळ वेगळी. व्हिसाच्या मुलाखतीला जाताना आपला कुठला आकडा कुठे टाकलाय ते बघून जा.

कराचं थोडक्यात. ट्यूशनपुरती स्कॉलरशिप करमुक्त. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबरोबर मिळणारा वेव्हरही करमुक्त. २०१७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या विधेयकाने त्यावर कर लावायचा घाट घातला होता, देशभर विद्यार्थी रस्त्यावर आले आणि अंतिम कायद्यातून ते कलम गळलं. स्टायपेंड हा पगार, त्यावर कर लागतो. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका करारामुळे स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. २०२४ साठी ते १४,६०० डॉलर होतं. वर्षाला १८ हजार स्टायपेंड असेल तर कर फक्त ३,४०० डॉलरवर, १० टक्क्यांनी ३४० डॉलर. राज्याचा कर असेल तर तो वेगळा. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची मिळून ७.६५ टक्के कपात एफ-१वर साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं होत नाही. पगारातून कापली गेली असेल तर पेरोलवाल्यांना जाऊन सांगा.

फेलोशिप नावाचं तिसरं प्रकरणही आहे: काम न करता स्टायपेंड आणि बहुधा ट्यूशनही. मिळाली तर भांडत बसू नका, घ्या.

दोन पत्रं समोर असतील, एकात मोठी स्कॉलरशिप आणि दुसऱ्यात ५० टक्के असिस्टंटशिप, तर माझं मत असिस्टंटशिपच्या बाजूने आहे. पण नेमणूक निदान पूर्ण शैक्षणिक वर्षाची असेल तरच. एका सेमिस्टरची असेल तर दुसऱ्या सेमिस्टरचं पूर्ण ट्यूशन आपल्याला भरायचंय असं धरून तुलना करा. विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला सरळ ईमेल करून विचारा: वेव्हर पूर्ण ट्यूशनचा की फक्त परराज्य दर आणि रहिवासी दर यांतल्या फरकाचा, कुठली शुल्कं मला भरावी लागतील, विमा कोण भरतं, आणि गेल्या वर्षीच्या एमएसच्या असिस्टंटांपैकी कितीजणांची नेमणूक पुढे चालू राहिली. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर तेही उत्तरच. आणि ‘दोन दिवसांत हो म्हणा’ असा दबाव आला तर ती युनिव्हर्सिटी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या युनिव्हर्सिट्यांच्या संघटनेच्या १५ एप्रिलच्या ठरावात सामील आहे का ते पाहा. असेल, तर आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला त्या तारखेआधी उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. निव्वळ प्रवेशाच्या डिपॉझिटची मुदत मात्र या ठरावात बसत नाही. ती आधीची असू शकते.