जो कोसळत नाही, त्याच्या शरीरात ऊन काय करतं?

मे हीट सुरू झाली की जळगाव, भुसावळ, रावेर, यावलचा पारा पंचेचाळिशीकडे सरकतो आणि उष्माघाताच्या बातम्या येऊ लागतात. कोण कोसळलं, कोण दगावलं, एवढंच त्यात असतं. पण केळीच्या बागेत दिवसभर घड कापून, ट्रक भरून जो संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येतो, त्याच्या मूत्रपिंडात आणि आतड्यात त्या दिवशी काय घडलं याची नोंद कुठेच होत नाही. ते पाहायचं तर अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागतात, आणि धडधाकट माणसाच्या शरीरातून असे तुकडे कोणी काढत नाही. म्हणून या प्रश्नाची बरीचशी उत्तरं प्रयोगशाळेतल्या उंदरांकडून आली आहेत.

सुरुवातीला शास्त्रज्ञांना एकच गोष्ट हवी होती: जीव किती उष्णता सोसतो? १७७५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे सहकारी १२० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलेल्या खोलीत काही मिनिटं उभे राहिले. त्याच खोलीत ठेवलेलं मांस शिजलं. माणसं घाम गाळत सुखरूप बाहेर आली. पुढच्या शतकात फ्रान्समध्ये क्लॉड बर्नार्डने प्राणी तापवून त्यांच्या मृत्यूचा अभ्यास केला. म्हणजे मोजमाप मरणाच्या रेषेपाशीच होत होतं.

रेषेच्या अलीकडे काय होतं, याकडे लक्ष वळवलं ते मॉन्ट्रियलच्या हान्स सेली यांनी. १९३६ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या छोट्याशा टिपणात त्यांनी लिहिलं, की थंडी, जखम, अतिश्रम, औषधाची विषारी मात्रा, यांपैकी काहीही दिलं तरी मोठ्या उंदरांच्या (रॅट) शरीरात तेच तीन बदल दिसतात: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगतात, छातीतली थायमस ही रोगप्रतिकाराची ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. आज ‘स्ट्रेस’ हा शब्द मनाच्या ताणाला चिकटला असला, तरी या अभ्यासाची सुरुवात थंडी आणि कष्ट यांनी उतींवर उमटवलेल्या खुणांपासून झाली.

दरम्यान, छोटा उंदीर (माऊस) प्रयोगशाळेत स्थिरावत होता. अमेरिकेत ग्रॅनबी गावच्या अ‍ॅबी लॅथ्रॉप हौशी लोकांसाठी उंदीर पाळत. तेच उंदीर हार्वर्डमध्ये पोहोचले. १९०९ मध्ये क्लॅरेन्स लिट्ल यांनी जवळच्या नात्यातले संकर करून पहिला शुद्ध वाण सुरू केला, आणि १९२१ मध्ये लॅथ्रॉप यांच्याच उंदरांपासून ‘सी५७ब्लॅक’ हा वाण आला. सगळे उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळपास सारखे असल्याने, दोन गटांत फरक दिसला तर तो उष्णतेचा की रक्ताचा, हा वाद मिटला.

पेशींच्या पातळीवरचा धागा मात्र फळमाशीत सापडला. १९६२ मध्ये इटलीच्या फेरुच्चिओ रितोसा यांना चुकून जास्त तापलेल्या पेटीतल्या माश्यांच्या गुणसूत्रांवर वेगळेच फुगवटे दिसले. १९७४ मध्ये कळलं, की उष्णता लागली की पेशी खास प्रथिनं तयार करू लागते. बिघडलेल्या प्रथिनांची घडी सावरणं हे त्यांचं काम. पुढे उंदरांतही हीच यंत्रणा तपासली गेली. तिचा मुख्य जनुकीय कळसूत्री, एचएसएफ१, काढून टाकलेल्या उंदरांच्या पेशी उष्णतेला सरावत नाहीत. आतड्याची गोष्ट याहून थेट आहे. शरीर तापलं की रक्त त्वचेकडे धावतं, आतड्याला कमी पडतं, त्याचं अस्तर झिरपू लागतं आणि जंतूंचं विष रक्तात शिरतं. उष्माघातात यकृत आणि मूत्रपिंड का कोलमडतात, याचा मोठा भाग इथे आहे.

माझ्या मते खानदेशसाठी सगळ्यात मोलाचा प्रयोग २०१४ सालचा आहे. त्यामागे मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांचं दुःख होतं: मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी तरुण माणसांची मूत्रपिंडं निकामी होत होती. कोलोरॅडोतल्या रिचर्ड जॉन्सन यांच्या गटाने उंदरांना पुन्हा पुन्हा उष्णता देऊन त्यांच्या शरीरातलं पाणी आटवलं. एका गटाला दिवसभर पाणी मिळालं, दुसऱ्याला फक्त रात्री. चोवीस तासांतलं एकूण पाणी दोघांना सारखंच होतं. तरी रात्री पाणी मिळालेल्या उंदरांची मूत्रपिंडं सुजली, त्यांत भरलेल्या जखमेच्या खुणेसारखी घट्ट ऊती साचली, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड एरवी गाळून टाकतं ते टाकाऊ द्रव्य, वाढलं. कारणही हाती लागलं. पाणी आटलेलं मूत्रपिंड ग्लुकोजपासून फ्रुक्टोज ही दुसरी साखर बनवतं, आणि फ्रुक्टोकायनेज हे विकर (एन्झाइम) ते फ्रुक्टोज वापरताना नलिकांच्या पेशींना इजा होते. हे विकरच नसलेले उंदीर वाचले.

कामाच्या घाईत तहान मारायची आणि घरी आल्यावर तांब्यावर तांबे रिचवायचे, ही सवय आपल्या शेतशिवारात सर्रास दिसते. या प्रयोगाने बोट ठेवलं आहे ते नेमकं त्यावर. किती पाणी प्यायलं याइतकंच ते कधी प्यायलं हेही महत्त्वाचं ठरतं, निदान उंदरात तरी.

‘निदान उंदरात’ हे म्हणायलाच हवं. उंदराला माणसासारखा घाम येत नाही. तो अंगाला लाळ फासून थंड होतो. शिवाय त्याला सुखाचं तापमान ३० अंशांच्या आसपासचं, आणि प्रयोगशाळा मात्र साधारण २०–२४ अंशांवर ठेवतात, कारण तिथली माणसं त्यात सुखी असतात. म्हणजे ‘सामान्य’ म्हणून धरलेला उंदीरही मुळात थंडीचा ताण सोसत असतो. गेल्या काही वर्षांत हे गांभीर्याने घेतलं जातंय, ते बरंच झालं. त्या मुक्या जिवांना होणाऱ्या यातनांचा हिशेबही ठेवावाच लागतो. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेमलेली समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते.

उंदरावरून थेट रावेरच्या मजुरावर उडी मारता येत नाही, पण मजुराला काय विचारायचं आणि त्याचं काय तपासायचं, हे उंदराने दाखवलं आहे. मध्य अमेरिकेत ऊसतोड मजुरांचं क्रिएटिनिन कामाच्या पाळीच्या आधी आणि नंतर, हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजलं गेलं. रक्ताचा एक साधा नमुना त्याला पुरतो. केळीच्या पट्ट्यात मार्चच्या आरंभी एकदा आणि जूनमध्ये पाऊस पडायच्या आधी एकदा, असे दोन नमुने घेणं तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाच्या आवाक्यातलं आहे.