‘इको’ रिसॉर्ट आणि जंगलाच्या कामी येणारं रिसॉर्ट

नागपुरातलं कुणी पेंच किंवा ताडोब्याला जाऊन आलं की एक वाक्य ठरलेलं असतं: “महाग पडलं, पण इको-रिसॉर्ट होतं. तेवढीच जंगलाला मदत.” मदत कशी, असं विचारलं तर उत्तर येतं की भिंती मातीने सारवलेल्या होत्या, पाणी काचेच्या बाटलीत होतं आणि स्ट्रॉ कागदाचा होता.

रिसॉर्ट कसं असतं हे नागपूरकराला सांगायला नको. सोलर, कंपोस्ट, सांडपाण्याचा पुनर्वापर हे सगळं व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने एवढंच होतं की आपल्या तिथे राहण्याचा जंगलाला होणारा त्रास कमी होतो. तर्री कमी घातली म्हणून पोहे पौष्टिक होत नाहीत. त्रास कमी देणं वेगळं आणि पदरचं काही देणं वेगळं. बहुतेक जाहिराती पहिली गोष्ट दुसरीच्या नावावर खपवतात.

खरी गल्लत होते ती पैशाच्या हिशेबात. सफारीला जे प्रवेशशुल्क भरतो ते सरकारी व्यवस्थेत जातं. वन्यजीव कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला संवर्धन प्रतिष्ठान मिळालं. पर्यटनाचा पैसा जंगलाच्या आणि भोवतालच्या गावांच्या कामी यावा ही त्यामागची योजना. गाईडचं मानधन गाईडला मिळतं, आणि तो बहुतेक वेळा जवळच्याच गावचा असतो. आता बघा, गावातल्या होमस्टेत हजार-दीड हजारात झोपलेला माणूस आणि रिसॉर्टच्या तीस-चाळीस हजारांच्या खोलीतला माणूस एकाच गेटवर तेच प्रवेशशुल्क भरतो. म्हणजे सफारीतून जी मदत झाली ती दोघांची सारखीच. तिचं श्रेय रिसॉर्टला कशाला? रिसॉर्टचं मोजायचं असेल तर सफारी वजा करा आणि उरलेल्या बिलातलं गावात काय राहिलं ते विचारा.

गावात पैसा राहिल्याने वाघाचं काय भलं होतं, हा पुढचा प्रश्न. बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची तूर आणि धान रानडुकरं एका रात्रीत उलथून टाकतात. मार्च-एप्रिलमध्ये बायका पहाटे मोहफुलं वेचायला जातात तेव्हा वाघ तिथेच असतो. गोठ्यातला बैल गेला तर भरपाईचे कागद फिरवत बसावं लागतं. अशा वेळी कुणी वैतागून शेताच्या तारेत करंट सोडतो. मारायचं असतं डुकराला, सापडतो वाघ. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड भागात असाच गेला. जंगलाच्या कडेला राहण्याचा तोटा ज्याच्या वाट्याला येतो त्याला जंगलापासून फायदाही दिसला, तर ती तार जोडताना तो दोनदा विचार करील. कागदी स्ट्रॉचा या हिशेबाशी काही संबंध नाही.

हे बाहेर कुठे जमलंय का, तर जमलंय. केनियात मसाई माराच्या लगतच्या जमिनी मसाई कुटुंबांच्या नावावर आहेत. ओलारे ओरोक, नाबोईशो अशा भागांत त्यांनी त्या एकत्र करून महागड्या कॅम्पांना भाड्याने दिल्या. पाहुणे कमी आले काय, जास्त आले काय, जमीनमालकाला ठरलेलं भाडं मिळतं आणि गुरं चारण्याचेही नियम ठरलेले आहेत. रवांडात गोरिला पाहण्याचा परवाना २०१७ पासून दीड हजार डॉलरचा आहे, एका गटात आठच पर्यटक, आणि उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला दहा टक्के वाटा भोवतालच्या लोकांसाठी बांधलेला. चैन इथेही आहे, भरपूर आहे. पण माणसं कमी, दर जास्त आणि वाटा आधी ठरलेला. आपल्याकडे कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, सरकारी वनजमीन असल्याने हे जसंच्या तसं होणार नाही. तरी रिसॉर्टने विकत घेतलेल्या शेतावर जाळीचं कुंपण न ठोकता गवत-झुडूप वाढू देणं तर हातात आहे ना? नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या पट्ट्यात प्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या, त्यातली एक साडेसातशे मीटर रुंद. आणि पुढे कुणाच्या स्विमिंग पूलची जाळी आडवी यावी, हे पटत नाही.

स्वस्त की महाग, तंबू की कॉटेज, एसी की कूलर, या वादात मी पडत नाही. दहा खोल्यांचं महागडं लॉज साठ खोल्या आणि बँक्वेट हॉलपेक्षा मला कधीही चालेल. चालत नाही ते जंगलाच्या कडेचं डेस्टिनेशन वेडिंग. एका लग्नात लॉनवर डीजे, आकाशात लेझर आणि मंडपाच्या दारात ‘सेव्ह टायगर’चा सेल्फी पॉइंट असं सगळं एकत्र पाहिलंय. पेंचला २०२४ च्या जानेवारीत देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आकाश कृत्रिम उजेडापासून जपणाऱ्या जागेचा मान मिळाला. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली वळवला गेला. गावकऱ्यांनी उजेड आवरायचा आणि वऱ्हाडाने लेझर सोडायचे!

बुकिंग करताना वेबसाइटवरचं ‘आमची बांधिलकी’ हे पान वाचू नका, फोन करा. गावची माणसं बागकाम आणि हाउसकीपिंगच्या वर कुठे आहेत? स्वयंपाकघराचा प्रमुख, नॅचरलिस्ट (पाहुण्यांना जंगल समजावून सांगणारा), फ्रंट डेस्क? भाजी, दूध, तांदूळ गावातून येतं की सगळं नागपूरच्या कॉटन मार्केटमधून? गावाला दिलेली रक्कम ठरलेली आहे, की शाळेत वह्या वाटून फोटो काढला तेवढंच? आणि मुख्य म्हणजे पावसाळ्याचं विचारा. जुलै ते सप्टेंबर कोअरची गेटं बंद असतात. तेव्हा गावातल्या पोरांना पूर्ण पगार असतो, अर्धा असतो, की “ऑक्टोबरात बोलावतो” म्हणून घरी पाठवतात? मॅनेजरला हे तोंडपाठ असतं. तो “मार्केटिंगला विचारून कळवतो” म्हणाला, तर दुसरीकडे खोली बघा.