पार्श्वभूमी : कलम ४५-क्यू आणि ‘साठवण’ या शब्दाचा घोळ

अमेरिकेत कार्बन साठवणुकीला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत गाडण्याला, मिळणारे मुख्य सरकारी साहाय्य प्राप्तिकर कायद्याच्या ४५-क्यू या कलमातून करसवलत म्हणून दिले जाते. अनुदान म्हटले की नाके मुरडणारे लोकप्रतिनिधीही या कलमाच्या बाजूने हात वर करतात, त्याचे निम्मे श्रेय या नावाला द्यावे लागेल. वास्तविक ही सूट उत्पन्नातून नव्हे, थेट देय करातून वजा होते आणि २०२२ पासून ती पहिली काही वर्षे रोखीने घेण्याचीही सोय आहे. तिला अनुदान म्हणू नये, हा निव्वळ शब्दांचा आग्रह आहे.

खरा वाद मात्र ‘साठवण’ या शब्दाचा आहे. टेक्सासमधील स्करी कौंटीच्या तेलक्षेत्रात १९७२ पासून कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडला जातो, तो हवामानासाठी नव्हे. प्रचंड दाबाखाली तो खडकात अडकलेल्या तेलात मिसळतो, तेल फुगते, पातळ होते आणि विहिरीकडे सरकते. तेलाबरोबर वर आलेला वायू वेगळा करून पुन्हा खाली ढकलतात, कारण तो विकत आणलेला माल असतो. असे फेरे होता होता बराचसा वायू खडकात राहतो. मग याला साठवण म्हणायचे की तेलउत्पादनाचा खर्च?

२००८ मध्ये बँका वाचवण्याच्या घाईत मंजूर झालेल्या कायद्यातच हे कलम घुसवण्यात आले, तेव्हा या प्रश्नावर तडजोड निघाली : केवळ पुरलेल्या कार्बनला टनामागे २० डॉलर, तेलासाठी वापरलेल्याला १०, आणि एकूण मर्यादा साडेसात कोटी टनांची. तेलक्षेत्रातला वायूही सुरक्षितपणे गाडलेला असला पाहिजे, ही अट पुढच्या वर्षी आली. ती किती पाळली गेली, हे २०२० मध्ये कर प्रशासनावरील देखरेख यंत्रणेच्या तपासणीतून दिसले. २०१० पासून घेतल्या गेलेल्या सुमारे १ अब्ज डॉलरच्या सवलतींपैकी जवळजवळ ८९ कोटींच्या सवलतींमागे देखरेखीचा मंजूर आराखडाच नव्हता. हा आकडा या चर्चेत ज्या सहजतेने मागे पडतो, ती सहजता लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दरम्यान रोख मदतीचे प्रयोगही झाले. कोळशापासून वीज करताना कार्बन पकडण्यासाठी मिसिसिपीतील केम्पर कौंटीत उभारलेल्या प्रकल्पाचा खर्च साडेसात अब्ज डॉलरवर गेला आणि २०१७ मध्ये तिथे कोळशाचा नाद सोडून नैसर्गिक वायूवर वीज करण्याचे ठरले. ह्यूस्टनजवळच्या दुसऱ्या प्रकल्पाने कार्बन पकडून दाखवला, पण तो तेलक्षेत्रासाठीच होता, त्यामुळे २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच प्रकल्प तीन वर्षे बंद पडला.

सवलतीचे दर मात्र चढत गेले. २०१८ मध्ये कोळसा व तेलाच्या राज्यांतील आणि हवामानाची काळजी करणाऱ्या राज्यांतील सदस्यांनी एकत्र येऊन एकूण मर्यादा काढून टाकली व दर टप्प्याटप्प्याने ५० आणि ३५ डॉलरवर नेण्याचे ठरवले. २०२२ मध्ये ते ८५ आणि ६० झाले, तर हवेतून थेट खेचलेल्या कार्बनसाठी १८० आणि १३०. म्हणजे तेलासाठीचा दर निम्म्यावरून सत्तर टक्क्यांच्या आसपास आला होता. जुलै २०२५ च्या कायद्याने उरलेले अंतरही मिटवले आणि दोन्ही दर सारखे केले. याच कायद्याने सौर व पवन ऊर्जेच्या सवलतींना कात्री लावली, हे पाहता ही समानता हवामानाच्या हिशेबातून आली असे म्हणणे कठीण आहे. हे तेल नाहीतरी दुसरीकडून उपसले गेले असते, हा समर्थकांचा युक्तिवाद. लोकांच्या कराच्या पैशाने तेल वाढवून वर त्याला हवामान धोरण म्हणू नये, हा विरोधकांचा.

आता हा वाद पक्षांच्या रेषांवर राहिलेला नाही. आयोवा आणि साउथ डकोटातील इथेनॉल कारखान्यांचा कार्बन नॉर्थ डकोटात नेऊन पुरण्यासाठी आखलेल्या वाहिनीला शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांतले पुष्कळ जण २०२५ मध्ये सवलत वाढवणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचेच मतदार आहेत. मिसिसिपीतील सटार्शियाजवळ २०२० मध्ये अशीच वाहिनी फुटून चाळीसहून अधिक माणसे रुग्णालयात गेली होती, ती घटना त्यांच्या सभांतून वारंवार निघते. मार्च २०२५ मध्ये साउथ डकोटाने कार्बनवाहिनीसाठी सक्तीच्या भूसंपादनावर बंदी घातली. त्याच पक्षाच्या बहुमताने वॉशिंग्टनमध्ये सवलत वाढवली, ती त्यानंतर चार महिन्यांनी.