अलीच्या गोष्टीतला दुसरा माणूस : जो फ्रेझियर आणि हेवीवेटचा तो जमाना

२०२५ च्या मार्चमध्ये जॉर्ज फोरमन गेला तेव्हा 'बॉक्सिंगचा सुवर्णकाळ' हा शब्द पुन्हा सगळीकडे फिरला. त्या तिघांतला शेवटचा गेला, फ्रेझियर २०११ मध्ये, अली २०१६ मध्ये आणि आता हा. आपल्याकडे बॉक्सिंग म्हटलं की अली आणि टायसन, झालं, यादी संपली. फार तर फोरमन, तोही अलीच्या हातून हरला म्हणून माहिती. पण तो काळ सुवर्णकाळ झाला कसा हे बघायचं असेल तर माझ्या मते अलीला जरा बाजूला बसवून जो फ्रेझियरकडे बघावं, कारण सगळे धागे त्याच्याच हातातून जातात, आणि नेमका तोच माणूस प्रत्येक गोष्टीत दुसऱ्या नंबरला उभा दिसतो.

आधी थोडं मागचं. हेवीवेट (सगळ्यात जड वजनगट) चॅम्पियन म्हणजे एकेकाळी जगात एकच माणूस असायचा. जो लुईसने १९३७ ते १९४९ ती गादी सांभाळली आणि २५ वेळा ती राखली. त्यानंतरच्या पिढीतला रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झाला. दक्षिण अमेरिकेत म्हणजे देशाच्या दक्षिणेकडच्या राज्यांत (खंड नव्हे) राबणाऱ्या काळ्या कुटुंबांसाठी जो लुईस म्हणजे नुसता पैलवान नव्हता, गोऱ्या माणसाला सगळ्यांदेखत ठोसा मारायची कायदेशीर परवानगी असलेला आपला माणूस होता. साउथ कॅरोलिनातल्या ब्यूफर्ट भागात १९४४ मध्ये जन्मलेल्या जो फ्रेझियरला लहानपणी त्याच्या काकाने बघून म्हटलं, हा पोरगा दुसरा जो लुईस होणार. पोराने ते मनावरच घेतलं. एका गोणपाटात चिंध्या, मक्याची कणसं आणि एक वीट भरली, गोणी ओकच्या झाडाला टांगली आणि रोज ठोसे मारायला सुरुवात केली.

त्याच्या वडिलांचा डावा हात गोळीबारात गेलेला, त्यामुळे शेतात बापाचा डावा हात म्हणजे जो. आणि योगायोग बघा, जोचाही डावा हातच मोडला, डुकराची खोड काढायला गेला, डुक्कर मागे लागलं, पळताना पडला आणि हात विटेवर आपटला. डॉक्टरला द्यायला पैसे कुठले, हात तसाच वाकडा जुळून आला, पुढे आयुष्यभर तो पूर्ण सरळ झाला नाही. पण तोच वाकडा हात हुक (कोपरात वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेला ठोसा) मारायला जणू घडवून ठेवल्यासारखा झाला! पुढे जगातल्या सगळ्यात देखण्या बॉक्सरला ज्या डाव्या हुकने आडवं केलं तो हाच.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी पोरगा उत्तरेकडे निघाला, आधी न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया. त्या काळात दक्षिणेतली लाखो काळी माणसं अशीच उत्तरेच्या शहरांत गेली, आणि फिलाडेल्फिया, डेट्रॉइट, शिकागोच्या तालमी ह्याच पोरांनी भरल्या. हे मला वाटतं सुवर्णकाळाचं पहिलं कारण, बाकी लोक टॅलेंट टॅलेंट करतात पण टॅलेंट कुठल्या तरी स्टेशनवर उतरावं लागतं. फ्रेझियर कत्तलखान्यात कामाला लागला, तिथे टांगलेल्या मांसावरच ठोसे मारून सराव करायचा. पोलिसांच्या क्लबमधल्या तालमीत तो खरं म्हणजे वजन कमी करायला गेला होता, अंग सुटलं होतं म्हणून. तिथे त्याला यँक डरहॅम नावाचा ट्रेनर भेटला. जा, ग्लोव्हजमधून धूर काढ, असं तो म्हणायचा, म्हणून नाव पडलं स्मोकिंग जो.

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या निवड चाचणीत तो बस्टर मॅथिसकडून हरला. मॅथिसच्या हाताला दुखापत झाली म्हणून राखीव फ्रेझियर गेला, सेमीफायनलमध्ये स्वतःचा डावा अंगठा मोडला, कुणाला सांगितलं नाही आणि फायनल जिंकून गोल्ड घेऊन आला. अलीचं गोल्ड १९६० मध्ये रोमचं, फोरमनचं १९६८ मध्ये मेक्सिको सिटीचं, म्हणजे ओळीने तीन ऑलिम्पिक आणि त्यातून पुढचे तीन हेवीवेट चॅम्पियन. असं पीक पुन्हा आलेलं नाही.

पण फ्रेझियर मायदेशी आला तेव्हा ढोलताशे वगैरे काही वाजले नाहीत. मोडलेला अंगठा, कत्तलखान्यात काम करता येईना, घरात पोरंबाळं. शेवटी फिलाडेल्फियाच्या काही धंदेवाल्यांनी क्लोव्हरले नावाची कंपनी काढून त्याचे शेअर्स विकले आणि त्याला पगार चालू केला. माणसाचे शेअर्स! आज आयपीएलच्या लिलावात आपल्याला काही वाटत नाही, पण हे १९६५ च्या सुमाराचं आहे.

मग २८ एप्रिल १९६७. अलीने व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला, लगेच टायटल काढून घेतलं, लायसन्स गेलं, पुढे पाच वर्षांची शिक्षा (अपिलामुळे तुरुंगात गेला नाही, पण साडेतीन वर्षं रिंगबाहेर). गादी रिकामी. डब्ल्यूबीए ह्या बॉक्सिंग संघटनेने आठ जणांची स्पर्धा लावली, डरहॅमने फ्रेझियरला त्यात उतरूच दिलं नाही, आपण आपल्या रस्त्याने जाऊ म्हणाला. न्यूयॉर्क राज्याच्या बॉक्सिंग मंडळाने आपला वेगळा चॅम्पियन ठरवायचं ठरवलं, तिथे मार्च १९६८ मध्ये फ्रेझियरने त्याच बस्टर मॅथिसला पाडून जुना हिशेब चुकवला आणि फेब्रुवारी १९७० मध्ये स्पर्धा जिंकलेल्या जिमी एलिसलाही हरवलं. आता तो कागदावर एकमेव चॅम्पियन. पण लोक म्हणायचे, खरा राजा वनवासात आहे, हा भरत आहे.

फरक एवढाच की ह्या भरताने वनवासातल्या रामाला पैसे उसने दिले होते. खरंच! अलीची कमाई बंद होती तेव्हा फ्रेझियरने त्याला मदत केली, त्याचं लायसन्स परत मिळावं म्हणून बोलला, अगदी राष्ट्राध्यक्ष निक्सनपर्यंत शब्द टाकला. त्यात स्वार्थ नव्हताच असं नाही, अलीशिवाय आपल्या गादीला किंमत नाही हे त्याला कळत होतं. पण मदत ती मदत.

आणि अली परत आल्यावर मॅच ठरली. ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, न्यूयॉर्क. दोघंही तोवर एकदाही न हरलेले, अली ३१-०, फ्रेझियर २६-०. प्रत्येकाला २५ लाख डॉलर, तेव्हा हा आकडा ऐकून लोकांना घेरी यायची. हे पैसे आले कुठून, तर क्लोज्ड सर्किट, म्हणजे घरच्या टीव्हीवर मॅच नाही, थिएटरचं तिकीट काढून पडद्यावर लाइव्ह बघायची. सुवर्णकाळाचं दुसरं कारण हे, पैसा. फ्रँक सिनात्रासारख्या माणसाला जवळची जागा हवी होती म्हणून तो एका मासिकाचा फोटोग्राफर होऊन रिंगला चिकटून बसला.

त्याच रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात काही युद्धविरोधी लोकांनी एफबीआयचं ऑफिस फोडलं. आज सगळे मॅचला कान लावून बसणार म्हणून हीच रात्र त्यांनी मुद्दाम निवडली होती. त्या चोरलेल्या कागदांतून एफबीआय काळ्या चळवळींवर आणि युद्धविरोधकांवर कशी पाळत ठेवत होती हे बाहेर आलं. बॉक्सिंगच्या इतिहासात हे सहसा कोणी लिहीत नाही, पण एक मॅच देशाला किती गुंतवून ठेवायची त्याचा ह्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

मॅचचं म्हणाल तर, अलीची उंची सहा फूट तीन इंच, फ्रेझियर सहा फुटांना जरा कमीच. लांबून खेळला तर मार खाणार हे नक्की, म्हणून तो कमरेत वाकून, डोकं घड्याळाच्या लंबकासारखं हलवत, ठोसे खात खात आत घुसायचा. त्याच्या कोपऱ्यात एडी फच नावाचा दुसरा ट्रेनर होता, बॉक्सिंगमधलं फार थंड आणि फार बारीक डोकं. त्याने हेरलं होतं की अली उजवा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारताना हात खाली नेतो आणि तेव्हा त्याचा जबडा उघडा पडतो, त्या क्षणी डावा हुक टाकायचा. पंधराव्या आणि शेवटच्या राउंडमध्ये तो हुक बसला आणि अली पाठीवर. उठला लगेच, ते त्याचं मोठेपण, पण गुण देणाऱ्यांच्या तिन्ही कार्डांवर फ्रेझियर जिंकला. अलीचा जबडा सुजला होता, आणि जिंकलेला फ्रेझियर हॉस्पिटलमध्ये पडला.

तिथून पुढची चार वर्षं म्हणजे निव्वळ भेळ. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टन, जमैकात फोरमनने फ्रेझियरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं. दोन महिन्यांनी केन नॉर्टनने, जो फ्रेझियरचा स्पॅरिंग पार्टनर (सरावातला जोडीदार) होता आणि फचचाच चेला, अलीचा जबडा मोडला. जानेवारी १९७४ मध्ये अलीने फ्रेझियरला पॉइंटवर हरवलं, ऑक्टोबरमध्ये किन्शासात फोरमनला आठव्या राउंडमध्ये झोपवलं. अ ब-ला हरवतो, ब क-ला, आणि क अ-ला घाम फोडतो. कोणीच कोणाला टाळत नव्हतं, हे माझ्या हिशेबाने तिसरं कारण आणि सगळ्यात महत्त्वाचं.

१ ऑक्टोबर १९७५, मनिलाजवळचं क्वेझॉन सिटी, अली आणि फ्रेझियर तिसऱ्यांदा समोरासमोर. अमेरिकन प्रेक्षकांच्या सोयीसाठी मॅच सकाळी, छताखाली उकाडा असा की श्वास घेता येईना. आधी अलीचं राउंड, मग फ्रेझियरचं, मग पुन्हा अलीचं. चौदाव्यानंतर फ्रेझियरचा उजवा डोळा सुजून बंद, आणि डावा डोळा मुळातच अधू, हे त्याने कारकिर्दभर लपवलेलं गुपित, नंतर स्वतःच सांगितलं. म्हणजे समोरून येणारे ठोसे दिसतच नव्हते. फचने मॅच थांबवली. फ्रेझियर नको नको म्हणत होता, फचने त्याला बसवलं. रिंगमध्ये माणसं मरताना फचने पाहिली होती. अलीही नंतर म्हणाला की मरणाच्या एवढ्या जवळ मी कधी गेलो नव्हतो.

आता जे अलीच्या चाहत्यांना आवडत नाही ते. ह्या तिन्ही मॅचेसच्या आधी अलीने फ्रेझियरला गोऱ्यांचा चाकर म्हटलं, मनिलाच्या वेळी गोरिला म्हटलं, रबरी खेळणं घेऊन ठोसे मारून दाखवले. तिकिटं विकायची होती हे मान्य. पण ज्याने उपाशी शेतावर बालपण काढलं, ज्याने तुला पैसे दिले, त्याला तू हे म्हणतोस? त्याच्या मुलांना शाळेत त्यावरून चिडवलं जायचं. फ्रेझियरने ते कधीच गिळलं नाही, १९९६ ला अटलांटात थरथरत्या हाताने अलीने ऑलिम्पिकची ज्योत पेटवली आणि जग रडलं तेव्हाही हा कडू बोलला. २००१ मध्ये अलीने वर्तमानपत्रातून माफी मागितली. फ्रेझियर जिवंत असेपर्यंत मनातून किती मिटलं देव जाणे, पण त्याच्या अंत्यविधीला आजारी अली आला होता.

तो काळ संपला कसा? एका दिवसात नाही. फ्रेझियरला १९७६ मध्ये फोरमनने पुन्हा हरवलं, १९८१ ला एक शेवटची बरोबरी, एकूण ३२ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. आणि ते चारही पराभव फक्त दोघांकडून, अली दोन आणि फोरमन दोन, बाकी जगात कोणाला जमलं नाही. १९८० मध्ये थकलेल्या अलीला लॅरी होम्सने हरवलं. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक कू मॅचनंतर गेला आणि पंधरा राउंडच्या मॅचेस हळूहळू बाराच्या झाल्या, जे योग्यच झालं, पण १९७१ चा तो हुक पंधराव्या राउंडमधला होता हेही खरंच. मग संघटना वाढल्या, चॅम्पियनचे पट्टे वाढले, चार चार 'जगज्जेते' एकाच वेळी. १९९९ मध्ये लेनॉक्स लुईस सगळ्यांचा एक चॅम्पियन झाला, त्यानंतर थेट मे २०२४ मध्ये युक्रेनचा उसिक. मधे पाव शतक!

फ्रेझियर फिलाडेल्फियात नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरच्या आपल्या तालमीत पोरांना शिकवत राहिला, बरीच वर्षं वरच्याच मजल्यावर राहायचा. तालीम २००८ मध्ये बंद पडली, पुढे तिथे फर्निचरचं दुकान आलं. ह्याच शहरात एका सिनेमातल्या खोट्या बॉक्सरचा पुतळा १९८२ पासून आहे, रॉकीचा, ज्याने पडद्यावर कत्तलखान्यातल्या मांसाला ठोसे मारले. खऱ्या माणसाचा पुतळा उभा राहिला २०१५ मध्ये, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर. डावा हुक मारून झाल्यानंतरच्या पोझमध्ये.