ट्रेसी एमिन: बिछान्याच्या आधी कागद

ब्रिटिश कलाकार ट्रेसी एमिन म्हटलं की बहुतेकांना त्यांचा तो बिछानाच आठवतो. मळलेल्या चादरी, व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या, सिगारेटची थोटकं. नैराश्यात ज्या बिछान्यातून उठवत नव्हतं, तोच त्यांनी १९९८ मध्ये ‘माय बेड’ म्हणून मांडला. पुढच्या वर्षी टर्नर पुरस्काराच्या (ब्रिटनमधला समकालीन कलेचा पुरस्कार) निमित्ताने तो लंडनच्या टेट कलादालनात आला. पुरस्कार स्टीव्ह मॅक्वीन यांना मिळाला, पण गदारोळ झाला तो बिछान्यावरून. २०१४ च्या लिलावात त्याला २५ लाख पौंडांहून जास्त किंमत आली. या गाजावाजात एमिन मुळात मुद्राचित्रण, म्हणजे शाईने कागदावर छाप काढून चित्र करण्याची कला, शिकलेल्या आहेत, हे मागे पडतं. माझ्या मते त्यांच्या कलेतली स्वतःच्या आयुष्याची कबुली समजून घ्यायला कागदापासूनच सुरुवात करायला हवी.

एमिन यांचा जन्म १९६३ चा. बालपण इंग्लंडच्या केंटमधल्या मार्गेट या समुद्रकाठच्या गावात गेलं. मेडस्टोनच्या कला महाविद्यालयात मुद्राचित्रण आणि पुढे रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला, असं शिक्षण झालं. १९९० मधल्या गर्भपातानंतर त्यांनी आपली आधीची चित्रं नष्ट केली. त्यानंतरचं काम थेट आयुष्यातून आलं: मार्गेटमधले दिवस, कोवळ्या वयात झालेला बलात्कार, गर्भपात, तुटलेली नाती.

त्यासाठी मोनोप्रिंट हे माध्यम त्यांना नेमकं सापडलं. काचेवर किंवा पत्र्यावर शाई पसरायची, तिच्यावर कागद ठेवायचा आणि कागदाच्या पाठीवर रेघ ओढायची. दाब पडेल तिथे शाई उमटते. हात टेकला तर त्याचाही डाग येतो. खोडायची सोय नाही. शिवाय चित्र उलटं उमटतं, म्हणून अक्षरं आरशातल्यासारखी लिहावी लागतात. एमिन यांच्या छापांत मधेच एखादं अक्षर उलटं दिसतं, शुद्धलेखन चुकलेलं असतं, आणि ते तसंच राहतं. ती घाईच त्या कबुलीला खरेपणा देते.

याची मुळं जुनी आहेत. एमिन ज्यांना फार मानतात त्या नॉर्वेच्या एडवर्ड मुंक या चित्रकाराने क्षयाने गेलेल्या बहिणीचं दुःख ‘आजारी मूल’ या चित्रात आधी रंगवलं, मग १८९४ मध्ये ड्रायपॉइंटमध्ये (धातूच्या पत्र्यावर सुईने ओरखडून काढलेल्या चित्राचा छाप) आणि १८९६ मध्ये रंगीत लिथोग्राफमध्ये (दगडावर काढलेल्या चित्राचा छाप) पुन्हा आणलं. घरातलं दुःख अनेक प्रतींत बाहेर जाऊ शकतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

अशा छापांच्या किती प्रती काढायच्या यावर मर्यादा आली ती आधी तांत्रिक कारणाने. ड्रायपॉइंटची रेघ थोड्याच छापांत झिजते. लिथोग्राफ किंवा स्क्रीनप्रिंटच्या (जाळीतून शाई दाबून काढलेला छाप) प्रती मात्र भरपूर निघतात. तिथे मर्यादा हा कलाकाराने दिलेला शब्द असतो. प्रतीखाली पेन्सिलीने लिहिलेलं १२/५० म्हणजे पन्नासांतली बारावी. लहान आकडा म्हणजे चांगली प्रत, हा संग्राहकांमधला समज बहुतेक वेळा निराधार असतो. ‘ए.पी.’ म्हणजे कलाकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. सही केलेलं, पण ऑफसेटवर म्हणजे छापखान्याच्या यंत्रावर छापलेलं पोस्टर ही वेगळी वस्तू आहे. विकत घेताना छपाईची पद्धत, कागद आणि एकूण प्रती विचारून घ्याव्यात.

मोनोप्रिंट मात्र एकच असते. ती गेली की गेली, जसा एमिन यांनी १९९५ मध्ये कलाकृती म्हणून केलेला तंबू गेला. ज्यांच्याशेजारी त्या कधी झोपल्या त्या सगळ्यांची नावं त्याच्या आत शिवलेली होती. त्यांत आजी होती, जुळा भाऊही होता. २००४ मध्ये लंडनमधल्या गोदामाच्या आगीत तो जळाला. एमिन यांनी तो पुन्हा करायला नकार दिला.