पंक्चर काढायचं की टायर बदलायचा?

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. एक म्हणजे टायरला पडलेलं भोक, आणि दुसरी म्हणजे टायरला झालेली इजा. भोक कुणालाही दिसतं आणि रबराची चिकट स्ट्रिप घालून ते पाच-दहा मिनिटांत बुजवता येतं. इजा बहुधा आतल्या बाजूला असते आणि टायर रिमवरून उतरवल्याशिवाय कळत नाही. पंक्चर काढून भागेल की नवा टायर घ्यावा लागेल, हे मात्र इजेवरून ठरतं. आपण खिळ्याची लांबी बघून घाबरतो नाहीतर निश्चिंत होतो, आणि दोन्ही वेळा चुकीचं माप लावतो.

नाशकात भोकांना तोटा नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांमधले स्क्रू आणि पत्र्याचे तुकडे रस्त्यावर येतात, बांधकामांच्या कडेला बाइंडिंग वायरची टोकं पडलेली असतात, आणि दिंडोरी-निफाडकडे बाभळीचा काटा आहेच. यातली बरीच भोकं बारीक आणि स्वच्छ असतात. असं भोक टायरच्या नक्षीच्या मधल्या पट्ट्यात असेल, 6 मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल आणि हवा कमी झाल्याचं कळताच तुम्ही थांबला असाल, तर टायर टाकून द्यायचं काहीच कारण नाही.

मधल्या पट्ट्याला एवढं महत्त्व का? तिथे रबर सगळ्यात जाड असतं आणि ते फार वाकत नाही, त्यामुळे घातलेली स्ट्रिप जागेवर राहते. टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबते आणि परत ताठ होते. तिथला कोणताही जोड हळूहळू सुटणारच. त्या भागातले, रबराच्या आतले धागे तुटलेले असले तर वरून काहीही चिकटवलं तरी ताकद परत येत नाही. साइडवॉलला भोक पडलं की टायर बदलायचा, यात घासाघीस नको.

मोटरसायकलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सुटून जाते. कारचा टायर सपाट असतो, बाइकचा गोलाकार. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना किंवा कसारा घाटाच्या वळणांवर गाडी कलते, तेव्हा टायरचा मध्य नाही तर खांदा, म्हणजे नक्षी आणि साइडवॉल यांच्यामधली कड, रस्त्याला टेकलेला असतो. म्हणून कारच्या टायरमध्ये चालून गेलं असतं असं कडेचं भोक बाइकच्या टायरमध्ये चालेलच असं नाही. पंक्चरवाला म्हणाला, "काही होत नाही, बिनधास्त चालवा", तरी खांद्यावरच्या भोकावर मी तरी घाट चढणार नाही.

पंक्चर काढण्याच्याही दोन पद्धती आहेत आणि त्यांना एकच समजलं जातं. आपल्याकडे सर्रास होते ती बाहेरून स्ट्रिप घालायची. पंक्चरवाला साबणाचं पाणी टाकतो, बुडबुडे कुठून येतात ते बघतो, पक्कडीने खिळा उपटतो. मग खरबरीत टोचा भोकात घालून दोन-चारदा फिरवतो, चिकट तपकिरी स्ट्रिप सुईत ओवून आत ढकलतो, झटक्यात सुई मागे ओढतो आणि बाहेर राहिलेलं शेपूट कापतो. खिळा तिरका घुसला असेल तर टोचाही त्याच तिरकसपणाने गेला पाहिजे. सरळ खुपसला तर आत दुसरीच वाट पडते आणि धागे तुटतात. खिळा कोणत्या कोनात निघतोय हे उभं राहून बघण्यासारखं आहे.

दुसरी पद्धत मशरूम पॅचची. यात टायर उतरवतात, आतली बाजू घासून साफ करतात, सोल्यूशन लावतात आणि छत्रीसारखा पॅच आतून बसवून त्याचा दांडा भोकातून बाहेर ओढतात. भोक दांड्याने भरतं आणि आतला थर छत्रीने झाकला जातो. वेळ आणि पैसे जास्त लागतात, सगळीकडे करूनही मिळत नाही. तरी जी गाडी रोज हायवेवर जाते तिला हेच करावं, कारण या निमित्ताने टायरची आतली बाजू बघायला मिळते.

आणि खरी गोष्ट तिथेच कळते. समजा मुंबई नाक्याजवळ हवा गेली आणि "जवळच दुकान आहे" म्हणत गाडी पाथर्डी फाट्यापर्यंत तशीच चालवत नेली. भोक जेमतेम दोन मिलिमीटरचं, तेही बरोबर मधोमध. पण सगळी वाट साइडवॉल रिम आणि रस्ता यांच्यात चेंगरत राहिली, तापली, आतले धागे तुटले. टायर उतरवला की आत काळी भुकटी दिसते, बाजूला गोल घासल्याची रेघ दिसते, अस्तराला सुरकुत्या पडलेल्या असतात. हा टायर संपला. उलट पाच मिलिमीटरचा जाडजूड स्क्रू मधोमध घुसला आणि गाडी लगेच थांबवली, तर दिसायला भीषण असूनही ते पंक्चर नीट निघतं.

झिजलेल्या टायरची गोष्ट साधी. खाचांमधले टीडब्ल्यूआयचे, म्हणजे झीज दाखवणारे, उंचवटे नक्षीच्या पातळीला आले असतील तर त्याच्या पंक्चरवर शंभर रुपयेही घालू नका. साइडवॉलवरचा चार आकडी कोडही वाचा: 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा. जुनं झालेलं रबर भेगाळलं असेल किंवा कुठे फुगा आला असेल, तर निर्णय झालेलाच आहे. जुन्या स्ट्रिपला लागूनच नवं भोक पडलं असेल तरीही तेच.

काही दुकानांत तिसरी वाट सुचवली जाते: ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकायची. साइडवॉल फाटलेली असताना हे करणं धोक्याचं आहे. ट्यूब हवा धरते, टायरची ताकद परत आणत नाही. त्यात ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा सावकाश जाते, ट्यूबमधली एकदम जाते, आणि पुढचं चाक असेल तर सावरायला वेळच मिळत नाही.

स्पोकच्या चाकांत बहुधा ट्यूब असते. तिथे ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून जाड फडकं फिरवायला सांगा. बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक रबरात रुतून राहतं आणि तीच ट्यूब दोन दिवसांनी पुन्हा पंक्चर होते.

घाटात अडकलात आणि भोक कडेला असेल, तर स्ट्रिप घालून सावकाश, मागे कुणाला न बसवता जवळच्या गावापर्यंत यायला हरकत नाही. तिथे टायर उतरवून घ्या आणि मोबाइलचा टॉर्च लावून आत स्वतः बघा, मगच पैसे कशावर खर्चायचे ते ठरवा.